आधी नस, मग गाठ : मेंदूच्या नसांवरच्या साध्या गाठी आणि पांढुर्णा-सौंसरचा रुग्ण

एका कानाने कमी ऐकू येऊ लागले म्हणून सहसा कोणी डॉक्टरकडे जात नाही. दुसरा कान चांगला असतो, त्यामुळे बागेत, बाजारात, घरात काम अडत नाही. उमगते ते फोनवर बोलताना. नेहमीच्या कानाला लावलेला फोन बिघडल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या कानाला धरला की आवाज स्वच्छ येतो. मग फोन त्याच कानाला धरायची सवय लागते आणि गोष्ट तिथेच थांबते. मेंदूतून निघणाऱ्या नसांवर वाढणाऱ्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींचा आढावा मी इथून सुरू करतो, कारण या गाठींच्या शस्त्रक्रियेचा निकाल त्या फोनपासून पहिल्या एमआरआयपर्यंत किती वर्षे गेली यावर फार मोठ्या प्रमाणात ठरतो. मुंबई-नागपूरच्या शल्यकर्मींचे कौशल्य त्यानंतर येते.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी डोळा फिरवतात. पाचवी चेहऱ्याला स्पर्शाची जाणीव देते आणि जबडा चालवते, सातवी चेहरा हलवते, आठवी ऐकणे आणि तोल सांभाळते. नववी आणि दहावी गिळण्याच्या आणि आवाजाच्या, अकरावी मान-खांद्याची, बारावी जिभेची. नसेच्या तंतूंभोवती जे आवरण असते ते श्वान नावाच्या पेशी तयार करतात आणि याच पेशींची गाठ म्हणजे श्वॅनोमा. पहिल्या दोन नसांना हे आवरण नसते, म्हणून त्यांच्यावर श्वॅनोमा होत नाही. दृष्टीच्या नसेवर होणाऱ्या गाठी वेगळ्या जातीच्या असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे.

कवटीच्या आतल्या सगळ्या गाठींमध्ये श्वॅनोमाचा वाटा साधारण ८ टक्के. त्यातल्या दहापैकी नऊ आठव्या नसेवर, तेही तिच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर असतात. त्यांना जुन्या पुस्तकांत ‘अकूस्टिक न्यूरोमा’ म्हणत आणि अजूनही बऱ्याच डॉक्टरांच्या तोंडी तेच नाव आहे. दर लाख माणसांमागे वर्षाला एक-दोन नवे रुग्ण, असे हे प्रमाण आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेवरच्या, मध्य प्रदेशातल्या काही लाख वस्तीच्या पांढुर्णा जिल्ह्यात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. पाचव्या नसेवरच्या गाठी त्याहून कितीतरी विरळ, आणि सातव्या, नवव्या-दहाव्या, बाराव्या किंवा डोळ्याच्या नसांवरच्या गाठी तर एखाद्या न्यूरोसर्जनच्या उभ्या कारकिर्दीत मोजक्याच येतात. हा विरळपणाच रुग्णाला नडतो. ज्या डॉक्टरकडे तो पहिल्यांदा जातो, त्याने असा रुग्ण पूर्वी कधी पाहिलेलाच नसतो.

साधी गाठ म्हटली की घरच्यांना हायसे वाटते, आणि वाटावेच. ती शरीरभर पसरत नाही आणि बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटरच वाढते. पण कवटी हाडाची आहे, आत मोकळी जागा नाही. कानामागे, मेंदूच्या देठाला लागून असलेल्या कोपऱ्यात ही गाठ चार सेंटिमीटरची झाली की ती देठाला ढकलते, लहान मेंदूला दाबते आणि मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. पाणी साचले की डोके दुखते, उलट्या होतात आणि डोळ्यांच्या नसांवर दाब येऊन नजर उतरू लागते. पुढे गाठ पूर्ण निघाली तरी गेलेली नजर परत येईलच असे नाही. कर्करोग नसलेल्या गाठीने माणूस आंधळा व्हावा, यासारखी चुटपुट लावणारी गोष्ट या विषयात दुसरी नाही, कारण ती टाळता येण्याजोगी होती.

या गाठींना हात लावायलाच एके काळी शल्यकर्मी धजत नसत. १८९५ मध्ये एडिंबराच्या थॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका तरुण, गरोदर बाईची अशी गाठ काढली. ती बाई वाचली आणि पुढे सुखरूप बाळंतही झाली. पण ते यश एकटे राहिले. त्या काळी बोट घालून गाठ खरवडून काढत, रक्तस्राव आवरत नसे आणि बहुतेक रुग्ण दगावत. अमेरिकेतल्या हार्वी कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर सबंध ग्रंथ लिहिला आणि वेगळी वाट धरली : गाठीचे कवच तसेच ठेवायचे आणि आतला भाग तेवढा पोखरून दाब कमी करायचा. मृत्यू एकदम घटले, पण गाठ पुन्हा वाढे. त्यांचेच शिष्य वॉल्टर डँडी यांनी पुढच्या दशकात कवचासकट सगळी गाठ काढून दाखवली. गाठ गेली, मात्र तिच्यासोबत बहुधा चेहऱ्याची नसही गेली. रुग्ण जिवंत घरी जाई तो अर्धा चेहरा लुळा पडूनच, आणि त्या काळात तो सौदा चांगला मानला जाई.

सौदा बदलला तो सूक्ष्मदर्शकाने. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला थिओडोर कुर्झ यांनी न्यूरोसर्जरीत पहिल्यांदा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरला, आणि तो वापरला पाच वर्षांच्या एका मुलाच्या चेहऱ्याच्या नसेवरची गाठ काढण्यासाठी. आपल्या विषयातल्या एका विरळ गाठीनेच साऱ्या मेंदू शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला, हे मला महत्त्वाचे वाटते. पाठोपाठ कानाचे शल्यकर्मी विल्यम हाउस यांनी कानाच्या आतल्या हाडातून ड्रिलने वाट काढून गाठीपर्यंत पोहोचण्याची रीत बसवली. पुढे सीटी आणि मग एमआरआय आले. जर्मनीतल्या हानोव्हरचे मजीद सामी यांनी १९९७ मध्ये आठव्या नसेच्या एक हजार गाठींचा हिशोब मांडला तेव्हा चेहऱ्याची नस अखंड राखण्याचे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले होते आणि मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले होते. अ‍ॅनंडेलपासून सामींपर्यंतची ही शंभर वर्षे एका वाक्यात सांगायची तर आधी रुग्ण वाचवला, मग गाठ संपवली, आणि शेवटी नस वाचवायला शिकलो.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते हे जरा सविस्तर सांगतो, कारण संमतीच्या कागदावर सही करणाऱ्या घरच्यांना ते कोणी नीट सांगितलेले नसते. सर्वात रूढ वाट कानामागची. रुग्णाला कुशीवर निजवतात, कानामागे चीर देतात आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कोपऱ्यात हाडाला एक खिडकी पाडतात. मेंदूभोवतीचे पाणी सावकाश वाहू देतात, म्हणजे लहान मेंदू आपसूक सैल होतो आणि त्याला ओढावे लागत नाही. मग गाठ दिसते. तिला थेट सोडवायला जात नाहीत. संत्र्याची साल शाबूत ठेवून आतला गर काढावा, तशी ती अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी तुकडे करून शोषणाऱ्या उपकरणाने आतून पोकळ करतात. पोकळ झालेले कवच आत दुमडते, आणि मग ते मेंदूच्या देठापासून, रक्तवाहिन्यांपासून, नसांपासून कणाकणाने सोडवायचे असते.

खरी कसोटी इथे लागते. चेहऱ्याची नस मुळात बारीक. मोठ्या गाठीने ती इतकी ताणलेली असते की चपटी होऊन कवचावर पसरते आणि सूक्ष्मदर्शकातूनही तिच्यात आणि कवचात फरक करणे कठीण होते. म्हणून डोळ्याभोवतीच्या आणि ओठांच्या स्नायूंत बारीक तारा लावतात. शल्यकर्मी हातातल्या सळईने क्षीण विद्युतप्रवाह देऊन चाचपत जातो. स्नायू आकसला की यंत्र वाजते आणि नस कुठे आहे ते कळते. सहा-सात तास, कधी दहा तास हे चालते. शेवटी कानाच्या हाडातली नळी ड्रिलने उघडून तिच्यातले गाठीचे टोक काढतात आणि हाडातली हवेची छिद्रे मेणाने बुजवतात, नाहीतर मेंदूचे पाणी नाकावाटे गळते आणि मेनिंजायटिस होऊ शकतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शस्त्रक्रियेतला सर्वात मोठा बदल यंत्रांत झाला त्याहून शल्यकर्मीच्या मनात अधिक झाला. गाठीचा शेवटचा पातळ पापुद्रा नसेला घट्ट चिकटला असेल तर आज कित्येक अनुभवी शल्यकर्मी तो तसाच सोडतात. पूर्वी ही माघार मानली जाई. आता उरलेला तुकडा एमआरआयने पाहत राहतात आणि वाढू लागला तर त्याला किरणोपचार देतात. मला हे धोरण बरोबर वाटते. वाकडा चेहरा माणूस दररोज आरशात पाहतो आणि गावही पाहते, उलट दोन मिलिमीटरचा पापुद्रा दहा वर्षे काही करीत नाही असे पुष्कळदा होते. पण या धोरणाला एक अट आहे. रुग्ण वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिला पाहिजे. सीमेवरच्या तालुक्यात ही अट किती जड जाते, ते पुढे येईलच.

गाठ लहान असेल आणि ऐकू येत असेल तर ऐकणे वाचवता येते का, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतो. सामींच्या हजार रुग्णांत, ज्यांना आधी ऐकू येत होते त्यांच्यापैकी सुमारे ३९ टक्क्यांचे ऐकणे टिकले. तीन-चार सेंटिमीटरच्या गाठीत ती आशा धरू नये आणि दाखवूही नये. कानाच्या हाडातून जाणाऱ्या वाटेत तर ऐकणे जातेच, म्हणून ती कान आधीच गेलेल्यांसाठी राखून ठेवतात.

आता पाचव्या नसेकडे येऊ, कारण महाराष्ट्राने या प्रश्नात जगाला जे दिले ते इथे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात पाचव्या नसेवरच्या गाठींच्या ७३ रुग्णांचा अनुभव मांडला. इतक्या विरळ गाठीचे एकाच विभागातले ७३ रुग्ण ही जागतिक पातळीवर मोठी संख्या होती. ही गाठ कवटीच्या दोन खणांत वाढते : काही मधल्या खणात, काही मागच्या, आणि काही हाडाच्या कडेवरून दोन्हीकडे फुगून मधे चिमटलेली. पूर्वी एवढ्या गाठीसाठी कवटी बरीच उघडावी लागे. केईएमच्या गटाने दाखवले की ही गाठ मेंदूच्या जाड आवरणाच्या दोन पदरांमध्येच राहते आणि पदर फोडून मेंदूत सहसा शिरत नाही. म्हणून कवटीच्या तळाजवळून, कानाच्या वरच्या अंगाने खाली जाणारी आटोपशीर वाट पुरते आणि गाठीने स्वतःच करून ठेवलेल्या जागेतून शल्यकर्मी मागच्या खणापर्यंत पोहोचतो. परळच्या या महापालिका रुग्णालयात फाटक्या खिशाचे रुग्ण येतात, त्यांच्या गाठी बहुधा मोठ्या असतात. त्या रुग्णांतून हे ज्ञान उभे राहिले, याचा मला फार आदर वाटतो.

पाचव्या नसेची गाठ चेहऱ्याच्या एका बाजूला मुंग्या आणते, बधिरपणा आणते, कधी असह्य कळ आणते. जेवताना एका बाजूने चावता येत नाही. ही कळ दातात उठल्यासारखी वाटते आणि गाठ सापडेपर्यंत काहींचे दोन-चार चांगले दात काढून झालेले असतात. दात काढूनही कळ तशीच राहिली, किंवा गाल बधिर झाला, तर पुढचा दात काढू नये, एमआरआय करावा. दातांच्या डॉक्टरांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ होईल.

चेहऱ्याच्या सातव्या नसेवरची गाठ शल्यकर्मीच्या धीराची परीक्षा पाहते. इथे गाठ नसेलाच धरून वाढते, काढायची तर नस बहुधा कापावीच लागते. पिंढरीच्या मागच्या बाजूची संवेदनेची नस काढून तिथे जोड देतात, पण जोडलेल्या नसेवर चेहरा पूर्वीसारखा कधीच होत नाही. फार तर डोळा मिटतो आणि तोंड बऱ्यापैकी हलते. म्हणून चेहरा चांगला असेपर्यंत गाठीला हात न लावणे, हाडाचा दाब सैल करून देणे, आणि चेहरा आपसूकच लुळा पडू लागला की मग काढणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरला आहे. गाठ आहे म्हणून काढून टाका असा धोशा लावणाऱ्या नातेवाइकांना हे पटवणे अवघड जाते. पण तोंड वाकडे झाले की ‘लकवा मारला’ म्हणून मालिश आणि गोळ्या सुरू होतात तिथे मात्र उशीर नको. नेहमीचा चेहऱ्याचा लकवा एक-दोन दिवसांत पूर्ण येतो आणि काही आठवड्यांत उतरू लागतो. जो महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेला, किंवा सहा महिन्यांत जराही सुधारला नाही, त्यामागे गाठ शोधलीच पाहिजे.

मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या बुडाशी एक भोक आहे. त्यातून नववी, दहावी आणि अकरावी नस बाहेर पडते. इथल्या गाठीत आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो, खांदा उतरतो. याच जागी ग्लोमस नावाची दुसरी एक साधी गाठ होते. तिच्यात रक्त फार असते, म्हणून शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी कॅथेटरने तिच्या रक्तवाहिन्या बंद करतात. या जागेची शस्त्रक्रिया गाठीपेक्षा गिळण्यामुळे धोक्याची ठरते. आधी हळूहळू बिघडलेल्या गिळण्याला शरीराने जुळवून घेतलेले असते, पण नस एका दिवसात गेली तर लाळ आणि अन्न थेट श्वासनळीत जाते आणि न्यूमोनिया होतो. काही आठवडे नाकातून नळी, कधी गळ्याला भोक, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. बाराव्या नसेच्या गाठीत अर्धी जीभ सुकते. डोळ्याच्या नसांवरच्या गाठीत एकाच्या जागी दोन दिसतात किंवा पापणी खाली येते. त्यांच्याविषयी जगात जे लिहिले गेले ते बहुतेक एकेका रुग्णाचे अनुभव आहेत, तेव्हा ठाम नियम कोणी सांगू नयेत.

गाठ सापडली की लगेच शस्त्रक्रिया, असे आता राहिलेले नाही. आठव्या नसेची लहान गाठ वर्षाला एक एमआरआय करून नुसती पाहत राहणे हा मान्य उपचार आहे, कारण बऱ्याच गाठी वर्षानुवर्षे जराही वाढत नाहीत. तीन सेंटिमीटरच्या आतल्या वाढत्या गाठीला किरणोपचाराचा पर्याय आहे. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये गॅमा नाइफ आणले : चीर न देता, शेकडो बारीक किरण एका बिंदूवर आणून गाठीची वाढ थोपवणे. भारतात ते १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आले. नीट निवडलेल्या रुग्णांत दहापैकी नऊहून अधिक गाठी थांबतात. नॉर्वेतल्या एका चाचणीत, लहान-मध्यम गाठींच्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच किरण दिले आणि निम्म्यांना नुसते पाहत ठेवले. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा किरण दिलेल्यांच्या गाठी चार वर्षांत आक्रसलेल्या निघाल्या. मात्र ‘बिनटाक्याचा उपचार’ म्हणून गॅमा नाइफच्या मागे धावणाऱ्यांना एक सांगणे आहे. किरणांनी गाठ नाहीशी होत नाही, पहिल्या वर्षात ती थोडी सुजू शकते, आणि देठाला दाबणाऱ्या चार सेंटिमीटरच्या गाठीला किरण देणे धोक्याचे आहे. मोठ्या गाठीला आजही चाकूच लागतो.

दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असतील तर प्रकरण वेगळे. तो २२व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा दोष, जो १९९३ मध्ये ओळखला गेला. घरातल्या इतरांचीही तपासणी करावी लागते, आणि तिथे उद्देश एकच : जितकी वर्षे ऐकणे टिकवता येईल तितकी टिकवायची.

हे सारे ज्ञान पांढुर्णा आणि सौंसरपासून फार दूर नाही. सौंसरहून नागपूर सुमारे ६५ किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आत. दोन्ही रस्ते सावनेरला एक होतात. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये त्याच प्रांतासाठी उभे राहिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, पुढे महाराष्ट्रात आले, आणि मराठी बोलणारे हे दोन तालुके छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये दोघांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सोयरीक, संत्र्याचा बाजार आणि दवाखाना नागपूरला, कागदपत्रे मात्र भोपाळकडची, अशी इथल्या माणसाची स्थिती आहे. भोपाळचे एम्स पांढुर्ण्याहून अडीचशे किलोमीटरच्या पुढे, तर डिसेंबर २०२२ मध्ये रीतसर उद्‌घाटन झालेले नागपूरचे एम्स दोन-अडीच तासांवर. ती केंद्राची संस्था आहे, राज्याची सीमा तिला लागू होत नाही. माझ्या मते या जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरने अशा रुग्णासाठी पहिला विचार तिचाच करावा.

पैशाच्या बाबतीत गोंधळ फार होतो. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे. सौंसरच्या माणसाने नागपुरात नातेवाइकाकडे राहून तिची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याचे आयुष्मान कार्ड मात्र दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात चालते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. निघण्याआधी ते रुग्णालय योजनेत आहे का आणि तिथे न्यूरोसर्जरी त्यात धरली आहे का, हे १४५५५ वर विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कार्ड चालत नाही असे कळले की माणूस घरी परततो, आणि परतलेला रुग्ण पुन्हा येतो तो वर्षभराने, नजर गेल्यावर.

पण पैशाच्या आणि अंतराच्या आधीही वेळ जातो. भारतातल्या मोठ्या केंद्रांचे अहवाल वाचले की एक गोष्ट सतत दिसते : पाश्चात्त्य देशांत दीड-दोन सेंटिमीटरला सापडणारी गाठ आपल्याकडे चार-साडेचार सेंटिमीटरला येते. सामींचे आकडे आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाहीत ते यामुळे. पांढुर्ण्याच्या माणसाला डोक्याची जखम नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते तेव्हा दगड लागलेला माणूस त्याच तासाला दवाखान्यात पोहोचतो. इथे रक्त नाही, ताप नाही, आणि कळही बहुधा नाही. सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला वाटते, यंत्रांच्या आवाजाने कान गेला. पण आवाजाने सहसा दोन्ही कान सारखे जातात, एकच नाही. चक्कर येते तेव्हा रक्तदाब तपासतात, मानेचा एक्स-रे काढतात, मणक्याचे दुखणे ठरवून गळ्याला पट्टा देतात. दुखणे उतरेना की माणसे जामसावळीच्या हनुमानाला जातात. जिथे दूरदूरहून व्याधिग्रस्त येतात ते ठाणे याच सौंसर तालुक्यात आहे. त्या श्रद्धेला नावे ठेवण्याची मला गरज वाटत नाही. वाटते ते इतकेच, की मंदिराच्या वाटेवर आरोग्य खात्याने श्रवण तपासणीचे शिबिर भरवावे. ज्यांना तपासायचे आहे ती माणसे तिथे स्वतःहून आलेली असतात.

पहिल्या चाळणीला महागडे काही लागत नाही. ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि आवाज एकाच कानाकडे गेला, तर कमी ऐकू येणाऱ्या कानातला बिघाड कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज दोन मिनिटांत येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने तो शिकलेला असतो, वापरत नाही इतकेच. पुढची पायरी ऑडिओमेट्री. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयात ऑडिओमेट्रीची सोय करणे हा त्याचाच भाग आहे. पांढुर्णा नवा जिल्हा आहे, त्याचे जिल्हा रुग्णालय घडत असतानाच ध्वनिरोधक खोली आणि ऑडिओलॉजिस्टचे पद मागून घेतले पाहिजे. आणि नियम एकच ठेवावा : एकाच कानाचे, नसेच्या बिघाडाने कमी झालेले ऐकणे आढळले की एमआरआय, मग वय काहीही असो. शंभरातल्या एक-दोघांतच गाठ निघेल. पण ती दीड सेंटिमीटरची निघेल, आणि दीड सेंटिमीटरच्या गाठीचा उपचार आज जवळपास हमखास आहे.

शस्त्रक्रिया होऊन माणूस गावी परतला की मोठ्या रुग्णालयाचे लक्ष संपते आणि खरी काळजी इथे सुरू होते. आधी डोळा. चेहऱ्याची नस दुखावली असेल तर पापणी मिटत नाही, आणि पाचवी नसही बधिर असेल तर डोळ्यात कण गेलेला कळतही नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये, मळणीच्या धुरळ्यात काम करणाऱ्याचे बुबुळ अशा वेळी आठवड्याभरात खराब होऊ शकते. दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटून लावलेली चिकटपट्टी, आणि गरज पडली तर पापणीचा कोपरा शिवून घेणे, हे घरातल्या एका माणसाला शिकवून मगच सुट्टी द्यावी. चेहरा वर्षभरात सुधारला नाही तर जिभेची नस चेहऱ्याच्या नसेला जोडण्याची किंवा जबड्याचा स्नायू वळवण्याची शस्त्रक्रिया होते. नस जोडण्याची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत केली तर फायदा जास्त, म्हणून ‘होईल हळूहळू’ म्हणत दोन-तीन वर्षे घालवू नयेत. तोलाचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून करावेत. ट्रॅक्टर, झाडावर चढणे आणि विहिरीचा काठ मात्र तोल परत येईपर्यंत टाळावा.

आणि पुढचा एमआरआय. पहिला तीन-सहा महिन्यांत, मग वर्षाने, मग दोन-तीन वर्षांच्या अंतराने, किमान दहा वर्षे, आणि पापुद्रा सोडलेला असेल तर त्याहूनही अधिक. दर खेपेला जुन्या एमआरआयची सीडी आणि डिस्चार्जचा कागद सोबत लागतो, कारण वाढ ही जुन्या-नव्याच्या तुलनेतूनच कळते. नागपुरात शस्त्रक्रिया झालेल्या सौंसरच्या रुग्णाची नोंद आज मध्य प्रदेशच्या कुठल्याच आरोग्य केंद्राकडे आपोआप जात नाही. ती पांढुर्ण्याच्या जिल्हा रुग्णालयात ठेवता येईल. वर्षाला चार-पाच नावांची वही पुरेल, नावापुढे पुढच्या एमआरआयचा महिना लिहिलेला असावा, आणि तो महिना आला की आशाताईंनी त्या घरी निरोप द्यावा.